सलाईन सुरू करताना घाई, बंद करायला मात्र कुणीच नाही

रात्रपाळी: परवा पहाटे न्यूमोनियाच्या एका रुग्णाचं वजन केलं. भरती झाले तेव्हा 62 किलो, चौथ्या दिवशी 68. तापाने खंगलेल्या माणसाचं वजन असं वाढत नाही. ते सगळं पाणी होतं. नडगीवर अंगठा दाबला तर खळगा तसाच राहत होता. दोन लिटरवर भागणारा ऑक्सिजन सहावर गेला होता. रक्तदाब दोन दिवस उत्तम, तरी तासाला 100 मिलीची ड्रिप चालूच. बंद करा असं कुणी लिहिलंच नव्हतं.

सलाईन हे औषध आहे. अँटिबायोटिकसारखाच प्रत्येक बाटलीला डोस हवा, मुदत हवी. लिटरभर नॉर्मल सलाईनमधून 9 ग्रॅम मीठ अंगात जातं. याला 'नुसतं पाणी' कसं म्हणायचं?

कॅज्युअल्टीवाला: अजिबात पटलं नाही. माझ्यासमोर येतो तो जुलाबांनी डोळे खोल गेलेला, मनगटाला नाडी न लागणारा माणूस. 1832 मध्ये थॉमस लाटा यांनी कॉलराच्या रुग्णांच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं, तेही असेच मरणपंथाला लागलेले होते. तुमची भीती तरुण डॉक्टरांच्या मनात बसली की पहिलीच बाटली अडखळते. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, पहिल्या 3 तासांत किलोमागे 30 मिली द्या, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. आणि 2022 चा 'क्लासिक' नावाचा अभ्यास बघा: सेप्टिक शॉकचे, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेले, दीड हजारांवर रुग्ण, एका गटाला कमी पाणी, दुसऱ्याला नेहमीसारखं. 90 दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे 42 टक्क्यांच्या आसपास.

रात्रपाळी: ती शिफारस 2021 मध्ये 'ठाम'वरून 'सौम्य' झाली. क्लासिकमधल्या रुग्णांना आधीच किमान एक लिटर मिळालेलं होतं, त्यामुळे पहिल्या बाटलीबद्दल तो काहीच सांगत नाही. 'फीस्ट' नावाचा अभ्यास आठवा, 2011, युगांडा-केनिया-टांझानिया. तापाने गंभीर आजारी असलेली 3141 मुलं. भराभर पाणी दिलेल्यांत 48 तासांत साडेदहा टक्के दगावली, न दिलेल्यांत 7.3 टक्के.

कॅज्युअल्टीवाला: त्यांतल्या कितीतरी मुलांना मलेरिया होता, अंगात रक्त कमी होतं. जुलाबवाली मुलं तर त्यात घेतलीच नव्हती. तो निष्कर्ष माझ्या रुग्णाला लावू नका.

वॉर्डातली सिस्टर: दोघांचं वाचलं. चार्टवर मोठ्या बाटल्या लिहिल्या जातात, छोट्या राहून जातात. अँटिबायोटिक 100 मिलीत, दिवसातून तीनदा. पॅरासिटामॉल 100 मिलीचं, चारदा. झाले 700 मिली, बेरजेत कुठेच नाहीत. पेशंटची लघवी अंथरुणात झाली की रकान्यात 'चादर ओली' एवढंच. हा कागद बघून तुम्ही राउंडला फ्लुइड ठरवता. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करायला सांगा. एक लिटर म्हणजे एक किलो, ते लपत नाही.

कॅज्युअल्टीवाला: सिस्टर, हे मान्य. पण ड्रिपला मुदत घातली आणि रात्री दोनला रक्तदाब पडला तर? मुदतीकडे बघत बसणार का?

रात्रपाळी: नाही, तेव्हा रुग्णाकडे जायचं. पाय 45 अंशांवर उचलले की त्याचंच 300 मिलीच्या आसपास रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं, तर बाटली लावा, मीच लावून देईन. नाही वाढलं तर रक्तदाब वाढवणारं नॉरॲड्रेनलिन सुरू करा. तुमच्या पहिल्या तासाला मी हात लावत नाही. माझं भांडण तिसऱ्या दिवशी रक्तदाब ठीक असताना चालू राहिलेल्या त्या ड्रिपशी आहे.

कॅज्युअल्टीवाला: तिसऱ्या दिवसाचं मान्य. पण पहिल्या तासात पाय उचलून मोजत बसायला मी तयार नाही, तिथे आधी बाटलीच लागेल.