जुनी .२२ रिमफायर घेताना: मॉडेल ६१, बेल्जियन ब्राउनिंग की ५२ स्पोर्टर?

प्रश्न – अक्रोड

संग्रहासाठी एकच चांगली .२२ रिमफायर रायफल (काडतुसाच्या कडेवर पिन आदळून उडणारी) घ्यायची आहे आणि समोर तीन आहेत.

पहिली विंचेस्टर मॉडेल ६१, गोल बॅरल, रिसीव्हरच्या (यंत्रणा असते त्या मधल्या धातूच्या भागाच्या) माथ्यावर स्कोपसाठी खाचा नाहीत. ब्लूइंग (धातूवरचा निळा-काळा थर) फारच छान दिसतंय, त्यामुळेच शंका येते. दुसरी ब्राउनिंग .२२ ऑटो, ग्रेड १, बॅरलवर बेल्जियमचा शिक्का, १९७० च्या आसपासची. तिसरी विंचेस्टर ५२बी स्पोर्टर म्हणून विकायला आहे. तिची किंमत पहिल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त सांगतात. मूळ खोकी किंवा कागद कुणाचेच नाहीत.

रायफल कपाटात नुसती ठेवायची नाही, अधूनमधून कागदी निशाणावर चालवायची आहे. प्रत्यक्ष हातात घेतल्यावर काय आणि कसं बघावं? सोबत टॉर्च, मोजपट्टी आणि क्लीनिंग रॉड नेता येईल.

उत्तर १ – जुनीनळी

सगळ्यात महाग तीच आधी धरू, कारण फसगत तिथेच मोठी होते.

मॉडेल ५२ मुळात टार्गेट रायफल. १९२० च्या सुमारास आली आणि १९८० पर्यंत बनत राहिली. स्पोर्टर १९३४ मध्ये आली आणि १९५० चं दशक संपता संपता बंद झाली. टार्गेट रायफली भरपूर बनल्या, स्पोर्टर त्या मानाने मोजक्याच. म्हणून टार्गेट रायफलीचं बॅरल कापून, लेथवर बारीक करून, नवा स्टॉक (लाकडी दस्ता) चढवून स्पोर्टर तयार करण्याचा उद्योग फार जुना आहे. त्यातल्या काहींचं काम इतकं सुंदर असतं की नेमबाजीला त्या उत्तम ठरतात. पण कारखान्यातली स्पोर्टर म्हणून त्यांचे पैसे मोजू नका.

बॅरलची लांबी बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद करून मोजा. रॉड मझलमधून (बॅरलच्या पुढच्या तोंडातून) आत सोडायचा, बोल्टच्या तोंडाला टेकला की मझलपाशी खूण करायची. स्पोर्टरचं बॅरल २४ इंच, टार्गेटचं साधारण २८. अर्थात कापणाराही २४ वरच कापतो, त्यामुळे लांबी जुळली एवढ्यावर थांबू नका. बॅरलवरची अक्षरं भिंगातून बघा. कारखान्याचा ठसा सगळीकडे सारखा खोल असतो. बॅरल लेथवर बारीक केलं की मूळ ठसा जातो किंवा उथळ होतो, आणि पुन्हा कोरलेली अक्षरं कुठे खोल कुठे उथळ दिसतात. टार्गेट बॅरलवर स्कोपच्या ब्लॉकसाठी आटे पाडलेली भोकं असत. ती स्क्रूने बुजवून घासलेली असली तरी तिरप्या प्रकाशात गोल कडा उमटते. विकणारा परवानगी देत असेल तर स्टॉक उतरवून बॅरलची खालची बाजू बघा. लेथच्या ताज्या रेषा लपवायला तीच सोयीची जागा.

स्टॉकवर गालाला आधार, चेकरिंग (पकडीसाठी कोरलेली जाळी), पिस्तूल ग्रिपला टोपी आणि फोरएंडच्या (बॅरलखालच्या लाकडाच्या) टोकाला काळा तुकडा हवा. सिरियल नंबरामागचं 'बी' अक्षर ॲक्शनची (बोल्ट-रिसीव्हरच्या यंत्रणेची) आवृत्ती सांगतं. रायफल स्पोर्टर आहे हे त्यावरून ठरत नाही, आणि विकणारे नेमकं तेच अक्षर पुढे करतात.

आणखी एक गोष्ट. १९९० च्या दशकात ५२ स्पोर्टर पुन्हा निघाली होती, जपानच्या मिरोकू कारखान्यातून. रायफल फार चांगली आहे, पण तिला मूळ ५२बी म्हणता येत नाही. बॅरलवर जपानचा उल्लेख असतो, तो वाचल्याशिवाय पुढचं बोलणंच नको.

उत्तर २ – तेलचिंधी

मॉडेल ६१ चं ब्लूइंग फारच छान आहे ही शंका अगदी बरोबर.

पुन्हा ब्लू करण्याआधी धातू पॉलिश करावा लागतो आणि पॉलिश कडा खातं. त्यामुळे रिसीव्हरच्या कडा बोटाला धारदार लागतात की गोलसर, हे आधी पाहा. स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा असेल तर बफिंग झालेलं आहे. ठशातली अक्षरं कडेला विरघळल्यासारखी दिसली तर तेच. गंजाचे खड्डे आहेत आणि खड्ड्यांच्या तळाशीही निळा रंग आहे, मग तर वादच नाही. मूळ ब्लूइंग झिजतं ते ठरावीक जागी: मझलच्या कडा, रिसीव्हरच्या खालची हात धरायची जागा, मॅगझिन नळीवर आतली नळी सरकते तिथे. सगळीकडे एकसारखी नवी दिसणारी जुनी पंप रायफल एकतर कधी वापरलीच नाही किंवा नव्याने रंगवली. पहिली शक्यता खरी असेल तर स्क्रूच्या खाचाही कोऱ्या असल्या पाहिजेत.

मॉडेल ६१ चा काळ १९३२ ते १९६३. रिसीव्हरवरच्या खाचा १९५० च्या दशकाच्या मध्याला आल्या, म्हणजे तुमच्या समोरची त्याआधीची. युद्धापूर्वीच्या रायफलींना आखूड, गोल, आडव्या रेघांचा फोरएंड होता, नंतर लांब आणि जाड आला. नंबर युद्धापूर्वीचा आणि फोरएंड लांब, असं असेल तर तो बदललेला आहे. संग्राहक जास्त धावतात ते अष्टकोनी बॅरलच्या आणि १९६० नंतरच्या मॅग्नम काडतुसाच्या ६१ मागे. अष्टकोनी बॅरल घेताना त्यावर लिहिलेलं काडतूस नीट वाचा, ती एकाच जातीच्या काडतुसासाठी असत. .२२ डब्ल्यूआरएफ या जाड काडतुसाच्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) .२२ लाँग रायफल हे बारीक काडतूस घातलं तर केस (काडतुसाचं पितळी कवच) सैल बसते आणि फुटते.

आता आतून. गोल बॅरलची ६१ शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल तिन्ही काडतुसं चालवते, आणि तिचं दुखणं इथेच असतं. शॉर्टची केस सुमारे ०.४२ इंच, लाँग रायफलची ०.६१. हजारो शॉर्ट उडाल्या की त्यांच्या तोंडापुढे चेंबरमध्ये कचऱ्याचं कडं साठतं. पुढे त्या जागी धातूही खाल्ला जातो. मग लाँग रायफलची केस त्या खळग्यात फुगून अडकते, एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारा आकडा) रिम (केसची मागची कडा) सोडून देतो आणि दोष एक्स्ट्रॅक्टरवर येतो. ब्राँझ ब्रशला सॉल्व्हंट लावून चेंबर ओला करा, पंधरा मिनिटं थांबा, ब्रश फिरवून पुसा. कडं गेलं तर तो कचरा होता. राहिलं तर धातूच गेलेला आहे, त्यावर घरगुती इलाज नाही. उडालेली केस बघायला मिळाली तर तिच्यावरही गोल वळ उमटलेला दिसतो.

चेंबरच्या तोंडाशी, फायरिंग पिन आदळते तिथे खोच आहे का बघा. रिकामी रायफल वारंवार ट्रिगर दाबून चालवली की पिन चेंबरच्या कडेवर आदळते आणि धातू आत ढकलला जातो. काडतूस शेवटच्या टप्प्यात अडतं ते यामुळे. कानशीने ती खोच कधीच घासायची नाही, कारण रिमचा आधार कायमचा जातो. चेंबर आयर्न नावाचं हत्यार तो धातू परत जागेवर दाबतं, ते काम जाणत्या गनस्मिथकडूनच करून घ्यावं.

बॅरल फुगलंय का हे डोळ्यापेक्षा हाताला लवकर कळतं. घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून रॉड हळूहळू एका वेगाने ढकला. मध्येच अचानक सैल वाटून पुन्हा घट्ट झाला तर तिथे फुगवटा आहे. टॉर्चच्या उजेडात त्या जागी काळी अंगठी दिसते.

उत्तर ३ – बेल्जियनखूण

ब्राउनिंगबद्दल. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९१४ पासून बनवलं. अमेरिकेत आधी रेमिंग्टनने ते मॉडेल २४ आणि मग २४१ म्हणून काढलं. ब्राउनिंगच्या नावाने बेल्जियन रायफली १९५६ पासून आल्या आणि १९७० च्या दशकात काम मिरोकूकडे गेलं. चालायला मिरोकूची अजिबात कमी नाही, पण संग्राहक बेल्जियनच शोधतात.

१९७० च्या आसपासची म्हणताय, म्हणून मीठ तपासाच. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अक्रोडाचं लाकूड लवकर सुकवण्यासाठी मिठाचा वापर झाला होता, आणि त्या काळातल्या बऱ्याच ब्राउनिंग स्टॉकांत ते मीठ आजही आहे. ते हवेतला ओलावा ओढतं आणि लाकडाला टेकलेला धातू गंजत जातो. वरून तेल लावून उपयोग नाही. फोरएंड उतरवा, त्याच्याखालचं बॅरल आणि फोरएंडचा स्क्रू बघा. लाकडाच्या कडेच्या रेषेत बारीक गंज असेल तर शंका पक्की. खात्रीसाठी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी लाकूड किंचित खरवडून सिल्व्हर नायट्रेटच्या १ टक्का द्रावणाचा थेंब टाका. दुधाळ पांढरं झालं की मीठ आहे. हातमोजे घाला, त्वचेवर काळे डाग पडतात. मीठ निघालं तर उपाय एकच, नवा स्टॉक. मूळ लाकूड वेगळं जपून ठेवता येतं, पण मूळ स्थितीतली रायफल म्हणून तिची किंमत तिथेच उतरते.

दुसरी तपासणी बॅरलची. रायफल सुटी होते, त्यामुळे जोड वर्षानुवर्षं सैल होत जातो. जोडलेल्या रायफलीचं बॅरल आणि रिसीव्हर पकडून पिळून बघा. हलत असेल तर घाबरू नका, बॅरलच्या मागच्या टोकाला खाचांची समायोजन रिंग असते. एकेक खाच फिरवत, प्रत्येक वेळी जोडून बघत, हाताने जेमतेम बसेल इतकंच घट्ट करा. जोर करून बसवलं तर आटे जातात. मागची साइट बॅरलवर असल्याने रायफल सुटी केली तरी उघड्या साइटचा झिरो (जुळवलेला नेम) फारसा ढळत नाही. रिसीव्हरवर स्कोप बसवला तर मात्र प्रत्येक जोडणीनंतर थोडा फरक पडतो. रिसीव्हरवर नंतर पाडलेली भोकं नाहीत ना, तेही याच कारणासाठी बघा.

उत्तर ४ – दहाचाठोका

कागदावर चालवायची असेल तर यादीत नसलेल्या एकीचं नाव घेतो: आन्शुट्झ मॅच ५४ ॲक्शनवरची कोणतीही चांगली रायफल. ५२ च्या तोडीची, आणि वय ओळखणं सोपं. जर्मनीतल्या उल्मच्या प्रूफ खुणेत (दाबाच्या चाचणीच्या शिक्क्यात) हरणाचं शिंग असतं आणि शेजारी वर्षाची दोन अक्षरं. ए म्हणजे ०, बी १, असं आय म्हणजे ८ पर्यंत. जे वगळून के म्हणजे ९. 'एचसी' दिसलं तर ७२.

मार्लिन ३९ समोर आली तर सिरियल नंबराआधी 'एचएस' आहे का तेवढं पाहा. नसेल तर जुन्या बोल्टवर हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) काडतुसं चालवू नका, बोल्टला तडा जातो.

अक्रोड

मनापासून आभार. स्पोर्टरचा स्टॉक उतरवू द्यायला विकणारा तयार नाही.

जुनीनळी

मग ती तिथेच सोडा. ६१ चं चेंबर आणि ब्राउनिंगचा फोरएंड आधी बघा. दोन्ही ठीक निघाल्या तर ६१ घ्या, पण तिच्या कडा धारदार असतील तरच.