मदत हवी आहे : 'मेमरीज ऑफ मर्डर'च्या जातकुळीतले परभाषिक गुन्हेपट सुचवा

मंडळी, नमस्कार.

'मेमरीज ऑफ मर्डर' (2003) हा कोरियन सिनेमा नुकताच बघितला आणि तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याच गुन्हेपटात मन रमत नाहीये. 'पॅरासाइट'वाल्या बाँग जून-होचाच हा सिनेमा, त्याचा दुसराच. 'पॅरासाइट'मधला बाप झालेला सोंग कांग-हो इथे गावाकडचा पोलीस आहे. याच्या जवळपास जाणारं काही बघितलं असेल तर कृपया सुचवा. नेमकं काय हवंय ते नीट सांगतो, नाहीतर रहस्यपटांची नेहमीची यादी येईल. (शेवट सांगत नाही, पण मधल्या प्रसंगांचा उल्लेख आहे. अजिबात रसभंग नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून वाचा.)

सुरुवातीलाच पिकलेलं सोनेरी भातशेत, ऊन, खेळणारी पोरं, आणि शेताच्या कडेच्या मोरीत एका बाईचं प्रेत. पोलीस जे बोलेल ते एक पोरगा मोरीवर बसून जसंच्या तसं बोलून दाखवतो, पोलीस वैतागतो. थोड्या वेळाने दुसरा खून. बांधावर बुटाचा ठसा मिळालेला असतो, पोलीस त्याच्याभोवती रिंगण आखून सगळ्यांना ओरडत असतो, आणि ट्रॅक्टर येऊन तो ठसा चिरडून निघून जातो. कोणी खलनायक नाही, कट नाही. ट्रॅक्टरवाला आपल्या कामाला चाललाय. पुरावा असाच जातो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पुढे तर आणखी कठीण. रात्री गावात माणसं पेरून पाळत ठेवायची म्हणून जादा कुमक मागतात, तर तुकड्या निदर्शनं मोडायला गेलेल्या. काळ लष्करी राजवटीचा, 1986 सालचा. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी भोंगा वाजतो, घराघरातले दिवे मालवले जातात, आणि नेमक्या त्या अंधारात खुनी मोकळा फिरतोय. दिग्दर्शक यावर एक वाक्यही बोलत नाही. माझ्या मते सिनेमाचा खरा गाभा हाच आहे. पोलीस संशयितांना बडवून कबुलीजबाब घेतात तेही तो तसंच दाखवतो, एकीकडे मारतायत आणि मध्येच त्यांच्याबरोबर बसून जेवतायत.

सिनेमा ज्या खऱ्या प्रकरणावर बेतलाय ते सिनेमा संपल्यावर वाचलं. ते सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात 1986 ते 1991 दरम्यान 10 बायका-मुलींचे खून झाले. 21,000हून जास्त लोकांची चौकशी झाली, तरी गुन्हेगार सापडला नाही. तेव्हाच्या कायद्यात खुनाचाही खटला भरायला 15 वर्षांची मुदत होती, ती शेवटच्या खुनासाठीही 2006मध्ये संपली. 2019मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए जुळला तो ली चुन-जे या माणसाशी. मेहुणीच्या खुनासाठी तो 1994पासून तुरुंगातच होता. या दहाच्या दहा खुनांची आणि आणखी चार खुनांची कबुली त्याने दिली, पण मुदत उलटल्यामुळे त्यांच्यासाठी खटला भरता आला नाही.

मला जास्त हादरवून गेलं ते वेगळंच. यातल्या आठव्या खुनासाठी युन नावाच्या एका तरुणाला 1989मध्ये पकडलं होतं. झोपू न देता, मारहाण करून त्याच्याकडून कबुली घेतली. जवळजवळ 20 वर्षं आत काढून तो सुटला, आणि निर्दोष ठरला तो 2020च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे पोलीस चौकीच्या तळघरातली जी मारहाण बघताना जीव कासावीस होतो, ती 2003मध्ये पडद्यावर आली तेव्हा हा माणूस खरोखर तुरुंगात होता. हे कळल्यावर ते प्रसंग पुन्हा लावून बघितले. पहिल्या वेळी जिथे हसू आलं होतं तिथे या वेळी आलं नाही.

तर मला हवेत ते असे सिनेमे : गुन्हा सुटो न सुटो, पण त्याच्या आजूबाजूचा काळ, सरकार, गाव, पोलिसांचा नाइलाज हे सगळं गुन्ह्याइतकंच ठळक दिसतं. हुशार डिटेक्टिव्ह, शेवटच्या पाच मिनिटांतली कलाटणी, खुनी माणसाच्या डोक्यात शिरून दाखवलेली विकृती यातलं काही नको. रक्तपात किती दाखवलाय याच्याशीही देणंघेणं नाही.

बघून झालेले सांगतो. स्पॅनिश 'मार्शलँड' (2014) सर्वात जवळचा वाटला. हुकूमशहा फ्रँको गेल्यानंतरचा 1980चा स्पेन, नदीकाठची दलदल, आणि जुन्या राजवटीची सावली अंगावर असलेला एक पोलीस. अर्जेंटिनाचा 'द सीक्रेट इन देअर आइज' (2009) फार आवडला, पण त्यात प्रेमकथेचा भाग मोठा आहे. (त्याचा अमेरिकी रीमेक कृपया सुचवू नका.) 'झोडिअॅक' चांगलाच आहे, मात्र तो ध्यास घेतलेल्या माणसांचा सिनेमा, भोवतालचं गाव त्यात मला तितकंसं जाणवलं नाही. तुर्की 'वन्स अपॉन अ टाइम इन अनातोलिया' (2011) आणि बाँगचाच 'मदर' (2009) काढून ठेवलेत. यातला आधी कुठला बघू? अनातोलिया फार संथ आहे असं ऐकलंय. संथपणाची अडचण नाही, पण मूळ प्रकरण हातातून सुटून जातं का, एवढंच सांगा.

आणि एक खास विनंती. मारून घेतलेली कबुली आणि त्यापायी आयुष्य गेलेला निर्दोष माणूस, यावर कुठल्याही भाषेतला मनापासून बनवलेला सिनेमा माहीत असेल तर तो सर्वात आधी सांगा. कोर्टातल्या जोरदार भाषणावर संपणारा नको. सुटल्यानंतर त्या माणसाचं काय होतं, घरचे त्याच्याशी कसे वागतात, हे दाखवणारा असेल तर उत्तमच. माहितीपटही चालेल.

भाषा कुठलीही असू द्या, सबटायटल असली की झालं; डब केलेलं नको. नुसतं नाव टाकण्यापेक्षा तो का सुचवताय ते एका ओळीत लिहिलंत तर निवडायला सोपं जाईल. 'मेमरीज ऑफ मर्डर'च्या शेवटच्या दृश्याबद्दलही बोलायचं आहे, पण ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी प्रतिसादाच्या वर 'रसभंग' असं लिहून मगच बोलूया.