अनुभव धागा: घरचा कुत्रा आणि माळावरचं जनावर

सासवड, सुपे, बारामती, दौंड या पट्ट्यातल्या माळांवर चिंकारा, काळवीट, कोल्हा, लांडगा, ससा अजून तग धरून आहेत. त्यांच्यामागे धावणारा कुत्रा पुष्कळदा कुणाच्या तरी घरचा असतो. कुणी शेतावरचा, कुणी मेंढरांच्या वाड्यावरचा, कुणी रविवारी गाडीतून फिरायला आणलेला. ज्यांना कुत्रा आवरण्याची किंवा जखमी जनावर हाताळण्याची माहिती आहे त्यांनी इथे लिहावं. काय बांधायचं, किती लांब, कधी आणि कुठे चुकतं, एवढंच हवं आहे. इतर भागांतल्यांचंही स्वागत.

शीळ:
पोट भरलेला कुत्रा पाठलाग करत नाही, हा समज आधी सोडा. शोधणं, रोखून बघणं, दबकणं, धावणं, धरणं या प्रत्येक पायरीचा कुत्र्याला भुकेपलीकडे आनंद असतो. त्यामुळे तो धावत सुटल्यावर मारलेली हाक वाया जाते, आणि अशी वारंवार वाया गेली की हाकेचा अर्थच उरत नाही. थांबवायची वेळ त्याच्या आधीची. कान पुढे, तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर एका जागी. हे जेमतेम एक-दोन सेकंद टिकतं. तेवढ्यात वळवलात तर वळला.

दोरी 10 मीटरची घ्या, 15 ते 20 मिलिमीटर रुंदीची चपटी. ती छातीपट्ट्याच्या पाठीवरच्या कडीत अडकवायची, गळपट्ट्यात नाही. 20 किलोचा कुत्रा पूर्ण वेगात दोरीच्या टोकाला पोचला की सगळा झटका मान आणि श्वासनलिकेवर येतो. कुत्रा दोरी ओढत फिरणार असेल तर टोकाचा फास कापून टाका, तो बोरीच्या झुडपात अडकतो. दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका आणि हातमोजे घाला, सरकत्या नायलॉनने तळहात सोलून निघतो.

शिट्टीची सवय आधी घरात, मग अंगणात, मग रिकाम्या मैदानात लावा. लांबवर जनावर दिसेल अशी जागा अगदी शेवटी. दर शिट्टीला बक्षीस मिळालंच पाहिजे, उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा नखाएवढा तुकडा पुरतो. जनावर दिसल्यावर कुत्रा मान वळवत नसेल तर शिट्टीचा जोर वाढवू नका, अंतर वाढवा. पाठलाग करून परत आलेल्याला मारू नका. परत येण्याचीच शिक्षा झाली असं तो समजतो.

कारवानी किंवा मुधोळ जातीचे कुत्रे नजरेने शिकार करणारे. उघड्या माळावर त्यांना कितीही शिकवलं तरी दोरीशिवाय सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

वाडा:
भुकेचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वाड्यावरच्या कुत्र्याला रात्री एक भाकर टाकली आणि दिवसभर काही दिलं नाही, तर तो दुपारी सशामागे जाणारच. मेंढरं झाडाखाली बसली की राखणीचं काम थांबतं आणि कुत्री भटकतात, ती हीच वेळ. म्हणून सकाळीच पोटभर खायला द्या. राखणीला लागतील तेवढी मोकळी ठेवा, बाकीची सावलीत बांधा. व्यालेल्या मेंढीची वार आणि मेलेलं कोकरू खोल पुरा, नाहीतर कोवळ्या मांसाची चटक लागते.

ओढाळ गुराला घालतात तसं लोढणं कुत्र्यालाही चालतं. हलकी गोल काठी गळपट्ट्यातून आडवी लोंबती ठेवायची, पुढच्या गुडघ्यांवर येईल इतकी. चालताना त्रास नाही, पळताना पायांत येते. मात्र बिबट्या किंवा लांडगे असलेल्या भागात रात्री ती काढावी, कुत्र्याला स्वतःचा जीवही वाचवता येत नाही.

शीळ:
लोढण्याबाबत एक भर. काठीची टोकं घासून गोल करा, आणि झाडीत किंवा तारेच्या कुंपणाजवळ ते वापरू नका. अडकलं की गळफास बसतो.

पशुवैद्यक:
कुत्र्याने धरलेल्या हरणाची जखम बाहेरून फसवी असते. कातडीला दाताएवढी भोकं, आत मात्र स्नायू फाटलेला, कारण कुत्रा धरून झटके देतो. चावा बसलाच नाही तरी जीव जाऊ शकतो. जिवाच्या भीतीने खूप धावल्यावर अंग तापतं, रक्तात आम्ल साठतं, स्नायू विरघळू लागतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडतं. लघवी कॉफीच्या रंगाची दिसते. सुटून गेलेलं, धडधाकट दिसणारं हरीण काही तासांनी किंवा दिवसांनी मरतं ते यामुळे. “नुसतं पळवलं, काही केलं नाही” या बोलण्याला म्हणूनच अर्थ नाही.

कुत्र्याचंही बघा. रानडुकराचा सुळा पोट उभं फाडतो. बाहेर आलेली आतडी आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ फडक्यात धरून दवाखाना गाठा. साळिंदराचे काटे कापू नयेत, आतलं टोक मग सापडत नाही. कोल्हा किंवा मुंगूस चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी रेबीजची लस पुन्हा द्या.

डिस्टेंपरसह (हा कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) एकत्रित लस 6 ते 8 आठवड्यांपासून, दर 3-4 आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची 3 महिन्यांनंतर. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्या वेळी. शेतावरच्या कुत्र्यांचं नेमकं हेच राहून जातं. डिस्टेंपर कुत्र्यातून कोल्ह्या-लांडग्यांत जातो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह मेले त्यांच्यातही हा विषाणू सापडला होता.

रानवाट:
जखमी हरीण दिसलं तर पहिलं काम कुत्रे बांधणं, दुसरं माणसं मागे हटवणं. मग वनविभागाचा 1926 हा क्रमांक. मदत येईपर्यंत डोळ्यांवर हलकं फडकं, सावली, शांतता. पाणी पाजू नका, घाबरलेल्या जनावराच्या फुप्फुसात जातं. आडवं पडू देऊ नका, छातीवर बसतं करा. कुशीवर राहिलं तर पोट फुगतं. गवतात एकटं बसलेलं पाडस अनाथ समजून उचलू नका, आई चरायला गेलेली असते.

जास्त धोका पावसानंतर. काळ्या मातीच्या चिखलात काळविटाचे खूर रुततात आणि कुत्रा त्याला सहज गाठतो. जाळीच्या कुंपणाकडेही जनावर पळत जाऊन आदळतं. मार्च ते ऑगस्ट टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी माळावर कुत्रा नेऊच नये.

जनावरामागे जाणूनबुजून कुत्रा सोडणं ही 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारच. काळवीट, चिंकारा, मोर, घोरपड, खवले मांजर अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत आणि शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. ससासुद्धा संरक्षित आहे, हे गावोगाव सांगायला हवं.

किनारा:
वेळाससारख्या कोकणातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. खड्डा फक्त दीडेक फूट खोल, कुत्रा नाकाने शोधून उकरतो. म्हणून अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. पिल्लं 45 ते 60 दिवसांनी निघतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्राकडे सोडतात. पर्यटकांनी नेमकं त्याच वेळी कुत्रा मोकळा सोडू नये. आखूड पट्टा, तोही वाळूच्या ओल्या भागात.

ऑकलंडहून:
इथे न्यूझीलंडमध्ये किवी पक्षी उडत नाही आणि त्याच्या छातीचं हाड कमकुवत असतं. कुत्र्याने खेळत तोंडात धरलं तरी बरगड्या चेपून मरतो. 1987 मध्ये वाइटांगीच्या जंगलात एका जर्मन शेफर्डने सुमारे 500 किवी मारल्याचा अंदाज आहे. किवींच्या भागात कुत्रा नेण्याआधी किवीपासून दूर राहण्याचं प्रशिक्षण देतात आणि ते ठरावीक काळाने पुन्हा तपासतात. पण ते झालं म्हणून कुत्रा मोकळा सोडत नाहीत.

शीळ:
मुसकी कोणती घ्यावी, अशी विचारणा झाली म्हणून. पिंजऱ्यासारखी जाळीची घ्या, आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळणारी कापडी मुसकी एप्रिल-मेमध्ये उष्माघाताने कुत्रा मारते. मुसकीने चावा थांबतो, पाठलाग नाही, तेव्हा दोरी सोबत हवीच.