कचऱ्याच्या पिशवीसाठी लहान-मोठं होणारं स्टँड: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गुहागरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. मागच्या पडवीत सुक्या कचऱ्याची पिशवी तोंड उघडं ठेवून उभी राहील असं स्टँड करायचंय. गेल्या वर्षी वेल्डरकडून लोखंडी करून घेतलं होतं, रंगासकट. खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटले!

आता पीव्हीसी पाईपचा विचार आहे. अडचण मापाची. आमच्याकडे पिशव्या दोन प्रकारच्या येतात, १९ इंच रुंद आणि २४ इंच रुंद. म्हणजे तोंडाचा घेर ३८ आणि ४८ इंच. चौकटीची एक बाजू १० इंच कायम ठेवून दुसरी ८ ते १३ इंच सरकती केली, तर घेर ३६ ते ४६ होतो. दोन्ही पिशव्या बसतात, काठ दुमडायला जागाही राहते. सरकण्यासाठी ३२ मिमीच्या पाईपात २५ मिमीचा घातला, पण तो डगडगतो. सायकलची ट्यूब गुंडाळून पाहिली, मग सरकतच नाही. आरपार भोक पाडून खिळी घालावी का? नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले तर ३०४ ग्रेडचं चालेल की ३१६च हवं?

सासरे म्हणतात, "मेस तोडून देतो, कशाला पाईप?" पण बांबू सरकता कसा करणार?

आणि वाऱ्यात उलटू नये म्हणून पायात वाळू भरली तर पुरेल का? (ओला कचरा माडाच्या आळ्यात जातो, त्यामुळे पिशवी हलकीच असते.) कोणी केलं असेल तर फोटो टाका.