हळदीने रंगवलेले सुती पडदे उन्हात विटतात, उपाय?

प्रश्न: पश्चिमेच्या खिडकीला हळदीने रंगवलेले सुती पडदे आहेत. तुरटी वापरूनही रंग उडतोय. मीठ, व्हिनेगरने पक्का होईल का?

प्रतिसाद १: नाही. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारा घटक, प्रकाशानेच मोडतं. तुरटी फार तर धुण्यात थोडी मदत करते, उन्हापुढे तिचं काही चालत नाही. मीठ-व्हिनेगर तर विसराच. पिवळाच हवा असेल तर डाळिंबाची साल घ्या. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला २० ग्रॅम हिरडा पूड, मग १५ ग्रॅम तुरटी, शेवटी सालीचा काढा. खळ आधी धुऊन काढा, नाहीतर डाग पडतात. त्यानंतर १-२ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) दिलं तर रंग जास्त टिकतो, पण पिवळ्याचा मेंदीसारखा हिरवट होतो. हिराकस वाढवू नका, लोहाने सूत कुजतं.

प्रतिसाद २: काचेवर भिस्त ठेवू नका. साधी काच यूव्ही-ए (अतिनील किरणांचा एक प्रकार) बरंच आत सोडते. यूव्ही फिल्मने वेग कमी होतो, थांबत नाही, कारण दिसणारा प्रकाशही रंग खातो. मागे पांढरं अस्तर लावा, ते बदलणं स्वस्त. ओलं कापड उन्हात लवकर विटतं, म्हणून उलटं करून सावलीत वाळवा.

प्रतिसाद ३: तयार कापड घेणार असाल तर व्हॅट रंगाचं (सुतावर पक्का बसणारा रासायनिक रंग) मागा आणि प्रकाशपक्केपणाचा आकडा विचारा. तो मोजणारी ब्लू वूल मोजपट्टी १ (सर्वांत कच्चा) ते ८ (सर्वांत पक्का) असते. पडद्याला निदान ६ हवा. धुण्यात पक्का म्हणजे उन्हात पक्का, असं नसतं.