टॅरो शिकणाऱ्या नवशिक्यांसाठी कोणता डेक निवडावा? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या घरी मी टॅरोचा, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यांचा अर्थ लावण्याचा, छोटा वर्ग घेते. उन्हाळ्यात आठ-दहा जणींची नवी तुकडी सुरू होत आहे. त्यांच्यापैकी बहुतेकींनी टॅरोचा पत्ता आजवर हातातही घेतलेला नाही, निम्म्या जणी साठीच्या पुढच्या आहेत आणि सगळ्यांना मराठीतूनच शिकायचे आहे. प्रत्येकीने आपल्या आवडीचा डेक (पत्त्यांचा संच) आणण्यापेक्षा सगळ्यांनी एकच डेक घ्यावा, असे माझे मत आहे. पण तो कोणता, हे काही केल्या ठरत नाही. ज्यांनी नवशिक्यांना प्रत्यक्ष शिकवले आहे, त्यांचा सल्ला हवा आहे. टॅरोवर विश्वास ठेवावा की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. ती चर्चा कृपया इथे नको.

माझी मुख्य कसोटी अशी की, पुस्तक उघडण्याआधी शिकणारीला पत्त्याकडे बघून चार वाक्ये बोलता आली पाहिजेत. मागच्या तुकडीत मी रायडर-वेट या प्रसिद्ध डेकमधला सिक्स ऑफ स्वोर्ड्स (सहा तलवारींचा पत्ता) सतरंजीवर ठेवला आणि काही न सांगता 'काय दिसते ते सांगा' एवढेच म्हटले. वैनगंगेकाठच्या पवनीचे माहेर असलेल्या एक काकू लगेच म्हणाल्या, "डोंग्यात बाई आहे, लेकरू आहे, नावाडी वल्हवतो आहे, सगळ्यांची पाठ आपल्याकडे, म्हणजे गाव सोडून निघालेत." मग दुसरीच्या लक्षात आले की, नावेच्या उजवीकडचे पाणी खळबळते आहे आणि डावीकडचे शांत आहे. पत्त्याचा अर्थ मला सांगावाच लागला नाही. हाच पत्ता मार्सेय या जुन्या फ्रेंच परंपरेच्या डेकमध्ये पाहिला, तर तिथे फक्त वाकवलेल्या सहा तलवारी आणि मधोमध एक फूल असते. मार्सेयबद्दल मला आदर आहे, परंतु त्यातल्या छप्पन्न लहान पत्त्यांपैकी एक्के ते दश्शे अशा चाळीस पत्त्यांवर प्रसंगच नसल्यामुळे नवशिक्या बाईला आकडा आणि रंग (तलवारी, पेले असे गट) यांची कोष्टके पाठ करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

थॉथ डेक मी आधीच बाजूला ठेवला आहे. फ्रीडा हॅरिस यांची चित्रे अप्रतिम आहेत, पण त्यात राजा नाही, त्याऐवजी नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस अशी रचना आहे, शिवाय लहान पत्त्यांवर इंग्रजी शब्द छापलेले असतात. सिक्स ऑफ स्वोर्ड्सवर 'सायन्स' असे वाचले की, शिकणारी त्या शब्दालाच धरून बसते आणि चित्राकडे बघणे थांबते.

त्यामुळे लंडनच्या विल्यम रायडर अँड सनने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेला, आर्थर एडवर्ड वेट यांनी योजलेला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेला रायडर-वेट डेकच घ्यावा, याकडे माझा कल आहे. एकच डेक असण्याचे आणखी एक कारण आकड्यांचे आहे. वेट यांनी स्ट्रेंग्थ या पत्त्याला ८ आणि जस्टिसला ११ क्रमांक दिला. मार्सेयमध्ये हे नेमके उलट आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी अंकशास्त्रही शिकतात आणि जन्मतारखेच्या बेरजेवरून पत्ता काढतात. वर्गात दोन परंपरांचे डेक असतील, तर एकाच बेरजेला दोन पत्ते निघतात आणि त्या दिवसाचा सगळा वेळ त्यातच जातो.

तरीही या डेकबाबत दोन अडचणी मला छळतात. पहिली अडचण त्यातल्या ख्रिस्ती वातावरणाची आहे. हायरोफंट या पत्त्यावरचे धर्मगुरू, जजमेंटमध्ये तुतारी फुंकणारा देवदूत आणि शवपेट्यांतून उठणारी माणसे, ही चित्रे समजावून सांगितल्याशिवाय बोलत नाहीत. यावर उपाय म्हणून भारतीय देवदेवतांची चित्रे असलेला डेक घ्यावा, असे एका मैत्रिणीने सुचवले. मला तो उपाय पटत नाही. देवीचे चित्र जमिनीवर पसरायला, पिसायला आणि उलटे पडलेले वाचायला आमच्या बायकांचा हात धजत नाही. आणि ज्या देवाची कथा लहानपणापासून माहीत आहे, त्याच्या चित्रात त्या कथेखेरीज दुसरे काही दिसणेही कठीण असते. त्यापेक्षा हायरोफंटसाठी दहा मिनिटे जास्त द्यावीत, हे मला बरे वाटते. डेथचा पत्ता सौम्य करून छापलेले डेकही मला नको आहेत. घोड्यावरचा सांगाडा घाबरवतो हे खरे, पण मागे दोन बुरुजांमधला सूर्यही तिथेच आहे, आणि तो शोधायला शिकवणे हेच तर माझे काम आहे.

दुसरी अडचण आवृत्तीची. नेहमीच्या आवृत्तीतला पिवळा रंग फार भडक आहे. शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त निघालेल्या स्मिथ-वेट सेंटेनिअल आवृत्तीचे रंग सौम्य आहेत, पण चष्मा लावूनही काकूंना त्यातले बारकावे दिसतील का? युनिव्हर्सल वेट या पुन्हा रंगवलेल्या आवृत्तीतल्या मऊ छटा चेहऱ्यांना उठाव देतात, मात्र त्यात पामेला यांची मूळ रेघ थोडी हरवते. साधारण ७० बाय १२० मिलिमीटरचा पत्ता सांधेदुखी असलेल्या बोटांना पिसायला जड जातो, आणि खिशात मावणारा छोटा डेक घेतला तर चित्रच दिसत नाही.

स्वस्त नकला टाळायच्या आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या डेकमध्ये काही पत्ते तिरके कापलेले होते आणि मागची नक्षीही एकाच दिशेची होती, त्यामुळे पत्ता सुलटा आहे की उलटा, हे तो उघडण्याआधीच कळत होते. त्यातच आमचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. कूलरच्या ओल्या हवेत पातळ कागदाचे पत्ते वाकतात आणि एकमेकांना चिकटतात, तर प्लास्टिकचे पत्ते इतके घसरतात की नवशिक्या हातांतून निसटून जातात.

सरावासाठी मी मराठी मथळ्यांची चित्रपत्रके छापणार आहे. पामेला स्मिथ १९५१ मध्ये वारल्या आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. त्यामुळे १९०९ ची मूळ चित्रे वापरायला हरकत नसावी. नंतर रंगवलेल्या आवृत्त्यांची चित्रे मात्र मी वापरणार नाही.

तेव्हा कृपया एवढे सांगावे: सेंटेनिअल आणि युनिव्हर्सल वेट या दोन्ही आवृत्त्या ज्यांनी वर्गात वापरल्या आहेत, त्यांना वयस्क विद्यार्थिनींसाठी कोणती अधिक सोयीची वाटली? दमट हवेत कोणत्या आवृत्तीचा कागद टिकतो? आणि सीताबर्डी, सदर किंवा इतवारीत अस्सल डेक हातात घेऊन, पिसून पाहता येईल असे एखादे दुकान कुणाच्या माहितीत आहे का? आठ-दहा डेक एकदम मागवण्याआधी एक तरी काकूंच्या हातात देऊन बघायचा आहे.