मदत हवी आहे: गाभण रॅटमध्ये कॅन्युला (शिरेतली बारीक नळी) कधी बसवावा?

नमस्कार मंडळी. एम. फार्मचं प्रोजेक्ट, विस्टार रॅटवर. मिडाझोलॅम (गुंगीचं औषध) शिरेतून देऊन नर, मादी आणि गाभण मादी यांच्या रक्तातली पातळी तपासायची आहे. नर-मादी फरक अपेक्षितच आहे. प्रौढ नराच्या यकृतात सीवायपी३ए२ आणि २सी११ ही औषध मोडणारी एन्झाइम्स जास्त असतात, कारण त्याचं ग्रोथ हार्मोन थांबून थांबून सुटतं, मादीत बरंचसं सलग. हेक्सोबार्बिटल या झोपेच्या औषधाने मादी जास्त वेळ झोपते, ते यामुळेच.

घोळ भुलीचा आहे. केटामिन-झायलाझिन देऊन मानेच्या शिरेत कॅन्युला बसवला आणि त्याच दिवशी डोस दिला, तर नरांचीही पातळी वर राहते. झायलाझिनने हृदयाची गती मंदावते, यकृताकडे रक्त कमी जातं, त्यामुळे मला संशय त्याचाच. दुसऱ्या दिवशी डोस दिला की फरक दिसतो, पण हेपरिन-सलाइन भरूनही काही कॅन्युले गुठळीने बंद पडतात. भूल न देता शेपटीतून रक्त काढून पाहिलं. जनावर बिथरतं आणि रक्तपेशी फुटून प्लाझ्मा लालसर येतो.

एथिक्स समितीची मंजुरी आहे, आयसोफ्लुरेनचं (हुंगवून भूल द्यायचं) यंत्र आहे. एलसी-एमएसमुळे (औषध मोजायच्या संवेदनशील यंत्रामुळे) थोडं रक्तही पुरतं. गाभण गटाला डोस १८व्या दिवशीच द्यायचा आहे, तो बदलता येणार नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: गाभण मादीला कॅन्युला कितव्या दिवशी बसवता, आयसोफ्लुरेनवर भागतं का? आणि गाभण नसलेल्या माद्यांचा ऋतुचक्राचा टप्पा योनीचा स्मिअर बघून जुळवता, की तसंच घेता?